तारीख कुणाची?

माझी जन्मतारीख १ जून. माझ्या थोरल्या भावाची १ जून. आमच्या वस्तीतल्या निम्म्याअधिक पोरांची १ जून. तुमच्यातल्याही कितीतरी जणांच्या दाखल्यावर हीच तारीख असेल, म्हणून हसू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आईला विचारलं, "पोरगं कधीचं?" आई म्हणाली, "जवारीच्या काढणीत झालं बगा. त्या सालाला हिरीनं तळ गाठला हुता." मास्तरांच्या रकान्यात ज्वारी बसत नव्हती, विहीर बसत नव्हती. त्यांनी १ जून लिहून टाकलं आणि पुढचं पोरगं पुढं घेतलं.

आता बघा. आईनं सांगितलेली खूण खरी होती. मास्तरांनी लिहिलेली तारीख खोटी होती. पण जन्मभर चालली ती खोटीच. नोकरीला तीच, रेशनला तीच, मेल्यावर दाखल्यावरही तीच. कारण एक तारीख कागदावर होती आणि दुसरी एका अडाणी बाईच्या तोंडात.

तेव्हापासून तारीख म्हटलं की मला तीन प्रश्न पडतात. तारीख लावतो कोण? ती ठेवतो कोण? आणि ती वाचायला मिळते कुणाला? दोस्तहो, आज याच तीन प्रश्नांवर बोलायचंय. विषय तुम्हाला लांबचा वाटेल. जमिनीतून निघालेल्या कोळशाचं आणि हाडांचं वय काढतात, त्या वयांच्या याद्या आता जगभर खुल्या ठेवल्या जातात, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. म्हणाल, आमच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळत नाही, गावात घोड्यावरून वरात काढली तर डोकी फुटतात, आणि हा कोळशाच्या गोष्टी सांगतोय. थांबा जरा. शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या द्या.

*

आधी ही भानगड काय ते समजून घेऊ.

आभाळात फार वर, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे एक वेगळा कार्बन तयार होत असतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. तो हवेत मिसळतो. झाड तो हवेतून घेतं, झाडपाला खाऊन जनावर घेतं, आपण दोन्ही खाऊन घेतो. ब्राह्मणाच्या हाडात तो असतो तेवढाच महाराच्या हाडात असतो. जीव आहे तोवर भर पडत राहते. जीव गेला की भर थांबते आणि आत असलेला कार्बन-१४ ठरल्या गतीनं झिजू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, तेवढ्याच आणखी वर्षांत निम्म्याचा निम्मा. किती उरलाय ते मोजलं की मरून किती काळ झाला ते निघतं. पन्नासेक हजार वर्षांपर्यंत हे चालतं, त्यापुढं मोजायला काही उरत नाही.

अमेरिकेत शिकागोला विलर्ड लिबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही रीत १९४० च्या दशकाच्या अखेरीला बसवली. ज्यांचं वय आधीच माहीत आहे अशा वस्तू घेऊन त्यांनी ती तपासली आणि १९४९ साली ती तपासणी छापली. १९६० साली लिबीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लिबीनं अर्धं होण्याचा काळ ५,५६८ वर्षं धरला होता. पुढं तो थोडा चुकीचा निघाला. तरी आजही प्रयोगशाळा कच्चं वय सांगताना जुनाच आकडा वापरतात, म्हणजे आधीची आणि नंतरची सगळी वयं एका मापात राहतात. दुरुस्ती पुढच्या पायरीवर करतात. झाडांच्या खोडातली वर्षागणिक वलयं मोजून, गुहेतले चुनखडीचे थर, तळ्यातला गाळ तपासून एक मोठा तक्ता केलाय. त्याची अलीकडची आवृत्ती २०२० ची. कच्चं वय त्या तक्त्यात घालून खरं साल काढतात.

आणि या शास्त्रात "आज" म्हणजे १९५०. "आजपासून तीन हजार वर्षांपूर्वी" असं लिहिलं असेल तर मोजायचं १९५० पासून मागं. सगळ्यांनी मिळून ठरवलेला शून्य आहे तो. आपल्या देशात संविधान लागू झालं तेच हे साल. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला आवडतो.

पहिल्यापहिल्यांदा एका तारखेसाठी मूठभर कोळसा जाळावा लागायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीला नवी यंत्रं आली, आता एक जळका दाणा पुरतो. आपल्याकडं मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात हे काम जोरात चाललं. डी. पी. अग्रवाल, शीला कुसुमगर ही त्यातली नावं. त्या प्रयोगशाळेच्या तारखांना "टीएफ" हे अक्षर आणि पुढं क्रमांक. पुढं हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेलं. अग्रवालांनी १९६४ साली या तारखांच्या जोरावर हडप्पा संस्कृतीचा काळ मानला जात होता त्यापेक्षा आखूड असल्याचं मांडलं. मोठ्यामोठ्या पंडितांनी बसवलेला काळ चिमूटभर कोळशानं हलवला.

*

आता याद्यांकडं येऊ. सुरुवातीला प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या तारखा छापायची. त्यासाठी १९५९ पासून एक खास नियतकालिकच निघालं. पण तारखा हजारांनी वाढल्या तशा त्या शंभर ठिकाणी विखुरल्या. कुणाच्या अहवालात, कुणाच्या प्रबंधात, कुणाच्या कपाटात. मग काही माणसांनी त्या वेचून एकत्र करायला घेतल्या. कॅनडात रिचर्ड मॉर्लन यांनी तिथल्या तारखांचा संग्रह उभा केला, तो आज तिथल्या विद्यापीठाकडं आहे. ऑस्ट्रेलियाचा झाला, युरोपचे झाले. २०२२ साली काही संशोधकांनी जगभरच्या याद्या जोडून, दुबार नोंदी काढून, सुमारे १ लाख ८० हजार तारखांचा एक संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. पैसा नाही, परवानगी नाही. संगणक असेल त्यानं उतरवून घ्यावा.

एका ओळीत काय असतं ते नीट बघा. प्रयोगशाळेचा क्रमांक. कच्चं वय. त्यापुढं अधिक-उणे करून चुकीची मर्यादा. काय जाळलं, कोळसा की हाड की दाणा. कुठल्या गावचं. कुठल्या थरातलं. कुठं छापलं.

यातली एक जरी गोष्ट गेली तर तारीख पोरकी होते. "इ.स.पू. १२००" एवढंच कुणी लिहिलं आणि कच्चं वय दडवलं तर उद्या नवा तक्ता आल्यावर ते दुरुस्त करता येत नाही. कोळसा शंभर वर्षं उभ्या असलेल्या झाडाच्या गाभ्यातला असेल तर चूल पेटली त्यापेक्षा तारीख शंभर वर्षं जुनी निघते. म्हणून काय जाळलं हे माहीत पाहिजे. थर माहीत नसेल तर ती तारीख कशाची, हे देवालाच विचारावं लागेल, आणि आपण देव मानत नाही.

थोडक्यात, नुसता निकाल सांगणं आणि पुरावा समोर ठेवणं यात फरक आहे. निकाल सांगणारा म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेव. पुरावा ठेवणारा म्हणतो, तू तपास. तथागतांनी कालामांना दुसरी वाट सांगितली होती. म्हणून ही खुली यादी मला आपल्या बाजूची वाटते. तिची रीत आपली आहे.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून चालणार नाही.

*

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं तळं खुलं? कागदावर झालं. पाण्याला हात लागला २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या ओंजळीनं आणि त्यांच्या मागून गेलेल्या हजारो माणसांच्या ओंजळीनं. त्यानंतर डोकी फुटली, तळं "शुद्ध" केलं गेलं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, आणि कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं.

म्हणजे "खुलं" या शब्दाला दोन अर्थ आहेत. दारावरचं कुलूप काढलं, हा एक. आत जाऊन पाणी पिता आलं, हा दुसरा. पहिला अर्थ ठराव करणाऱ्याच्या हातात असतो. दुसरा तहानलेल्याच्या पायात असतो, आणि वाटेत उभ्या असलेल्या लोकांच्या काठीतही.

तारखांच्या याद्या पहिल्या अर्थानं खुल्या आहेत. पण त्या इंग्रजीत. चुकीची मर्यादा कशी वाचायची, तक्ता कसा लावायचा, हे शिकवणारं मराठीत सोपं पुस्तक आपल्या कुठल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात आहे सांगा. इथं वाटेत काठी घेऊन कुणी उभा नाही हे मान्य. मग दोष कुणाचा? व्यवस्थेला शिव्या देणं सोपं आहे आणि निम्म्यानं खरंही आहे. उरलेलं निम्मं आपलं. तळं खुलं असताना आपण काठावर बसून "आम्हाला पाणी नाही" असं किती दिवस म्हणायचं?

दुसरी गोष्ट. यादीत जे नाही ते कुणाला दिसत नाही. त्या मोठ्या जागतिक संग्रहात तारखा उत्तर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या सगळ्यात जास्त. तिथं माणसं जास्त होती म्हणून? नाही. तिथं पैसा, प्रयोगशाळा आणि विद्यापीठं जास्त होती म्हणून. १९८७ साली जॉन रिक या संशोधकानं अशी कल्पना मांडली की एखाद्या काळातल्या तारखा जास्त असतील तर त्या काळात वस्तीही जास्त असावी. कल्पना चांगली, आज अनेक जण ती वापरतात. पण जिथं कुणी खणलंच नाही तिथं तारीख कुठून येणार? नकाशावर अंधार दिसला म्हणजे तिथं माणूस नव्हता असं नाही. दिवा घेऊन कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. गावाच्या पांढरीचं टेकाड केवढं, आणि त्यात खणलेला चर केवढा. चराच्या बाहेर राहणाऱ्यांचा इतिहास चराच्या बाहेरच राहतो.

*

आमची आत्या तरुणपणी असल्याच एका टेकाडावर रोजानं होती. घमेलं वाहायची. साहेब लोक खुरप्यानं आणि ब्रशानं माती काढायचे, ही ती चाळणीपर्यंत न्यायची. ती सांगायची, "आरं, घराच्या भुईखाली दोन मडकी निघाली. त्वांडाला त्वांड लावून आडवी ठिवलेली. आत लेकरू. एवढुसं. मुकादम म्हनला, हात लावू नगं. म्या कशाला लावतीय. म्या निस्ता पदर डोक्यावर घेतला."

असे पुरलेले पुष्कळ निघाले आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती. सातू पिकवणारी. लेकरं दोन कुंभांत, घराच्या भुईखाली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले. का तोडले, यावर फक्त तर्क आहेत.

आता मी स्वतःला विचारतो. त्या लेकराची तारीख यादीत गेली, जगाला खुली झाली, तर त्यात वाईट काय? आणि आत्यानं पदर घेतला तो कुणासाठी? तिला त्याची जात माहीत नव्हती. त्या काळी जात होती का तेही तिला माहीत नव्हतं. लेकरू होतं आणि मेलेलं होतं, एवढं पुरे होतं. मला वाटतं, पहिली नीती तिथं आहे. मोजणाऱ्याच्या यंत्राच्या आधी तो पदर.

हा प्रश्न जगात एका ठिकाणी फार पेटला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात केनेविक गावाजवळ १९९६ साली कोलंबिया नदीत एक सांगाडा सापडला. हाताच्या हाडाचा तुकडा जाळून कार्बन मोजला. वय निघालं साडेआठ-नऊ हजार वर्षं. नदीकाठच्या आदिवासी जमाती, उमाटिला, याकामा, नेझ पर्स आणि इतर, म्हणाल्या हा आमचा पूर्वज, याला आम्ही पुरणार. आदिवासींचे अवशेष त्यांना परत द्यायचा कायदा १९९० पासून होताच. आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले. म्हणाले, एवढा जुना माणूस तुमचाच कशावरून? कवटीचा घाट वेगळा आहे. २००४ साली कोर्टानं शास्त्रज्ञांच्या बाजूनं निकाल दिला. आणि २०१५ साली त्याच हाडातल्या जनुकांनी सांगितलं की हा माणूस आजच्या अमेरिकी आदिवासींच्याच नात्यातला. फेब्रुवारी २०१७ मध्ये जमातींनी त्याला पुरलं. कुठं पुरलं ते जगाला सांगितलं नाही.

यात आपण कुणाच्या बाजूनं? पटकन उत्तर देऊ नका. आपण विज्ञानवादी माणसं. ज्ञान सगळ्यांचं असं म्हणणारी. "आमच्या परंपरेनं आम्हाला माहीत आहे" हे वाक्य आपण दुसऱ्या तोंडून फार ऐकलंय. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतायला सांगितली आहे. ज्ञान बंद ठेवण्याचा तो कायदा. मग आदिवासींनी "बंद ठेवा" म्हटलं तर तो वेगळा कसा?

मी फार विचार केला. मला वेगळेपण एका ठिकाणी दिसतं. बंद केल्यानं कुणाचं राज्य टिकतं ते बघा. शूद्राचा कान बंद केला तेव्हा बंद करणाऱ्याचं राज्य टिकलं. आदिवासींनी आपला मेलेला माणूस मागितला तेव्हा कुणावरचं त्यांचं राज्य टिकणार होतं? त्यांच्या थडग्यांतली हाडं पेट्यांत भरून नेली गेली होती, ती त्यांना विचारून नेली नव्हती. ज्याच्याकडून सगळं लुटलं, त्यानं उरलेल्यावर हात ठेवला तर तो मक्ता होत नाही.

दुसरी कसोटी. मागितलं काय जातंय ते सुटं करून बघा. हाड एक. जागा दुसरी. आकडा तिसरा. हाड त्यांचं, ते परत द्या. जागा उघड केली तर चोर खणून नेतात, म्हणून ती झाका. कॅनडाच्या त्या संग्रहात असंच करतात. तारीख दिसते, पण नेमकं ठिकाण सगळ्यांना दाखवत नाहीत. आणि आकडा? आकडा एकदा निघाला की तो साऱ्या माणसांच्या गोष्टीतला असतो. मात्र तो काढण्याआधी विचारलं पाहिजे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी चांगल्या माहितीची चार लक्षणं सांगितली. ती सापडावी, हाती यावी, एकमेकींशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. सगळी लक्षणं माहितीची. २०१९ साली आदिवासी अभ्यासकांनी त्यांच्या शेजारी आणखी चार ठेवली. समूहाचा लाभ, ताब्याचा अधिकार, जबाबदारी, नीती. ही माणसांची. मला दोन्ही पाहिजेत. पहिली चार नसतील तर ज्ञान कपाटात सडतं. दुसरी चार नसतील तर आत्याच्या पदराला किंमत राहत नाही.

*

आता सगळ्यात कडू भाग. हा आपल्यावर आहे.

प्रयोगशाळा प्रत्येक वयापुढं चुकीची मर्यादा लिहिते. तीन हजार, अधिक-उणे चाळीस. म्हणजे ती म्हणते, मी एवढी चुकू शकते. दोस्तहो, कुठल्या स्मृतीत, कुठल्या पुराणात असं लिहिलेलं वाचलंय? "ब्राह्मण मुखातून जन्मला, अधिक-उणे अमुक" असं? नाही. कारण तिथं तारीखच नाही. जे अनादि आहे त्याला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नसते त्याला शेवट नसतो. "सनातन" या शब्दाची सगळी ताकद तारीख नसण्यात आहे.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात काय केलं? अस्पृश्यतेला तारीख लावली. इसवी सन ४०० च्या आसपास ती जन्मली असं मांडलं. काही अभ्यासक ते मान्य करतील, काही करणार नाहीत. पण त्या कृतीचा अर्थ बघा. ज्याला जन्म आहे त्याला मरण आहे. तारीख लावणं हाच सनातनावरचा घाव होता.

कार्बन-१४ मात्र अस्पृश्यतेची तारीख सांगू शकत नाही. तो चुलीचं वय सांगतो. त्या चुलीवरची भाकरी कुणाला लांबून टाकली ते सांगत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. बाबासाहेबांनी ग्रंथांचे पुरावे तपासले, तर्क केला, आणि आपला तर्क तर्क म्हणूनच मांडला. तीही एक प्रकारची अधिक-उणेची खूणच.

आणि आपण? परवा एका सभेत आपलाच वक्ता गरजला, "आम्ही या मातीतले दहा हजार वर्षांपासूनचे मालक!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मनात आलं, कुठल्या थरातली तारीख? काय जाळलं? चुकीची मर्यादा किती? आपण मनूला जो प्रश्न विचारतो तो आपल्या वक्त्याला का विचारत नाही?

२०१३ साली नेपाळात लुंबिनीला रॉबिन कनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या उत्खननाचे निष्कर्ष छापून आले. मायादेवी मंदिराखाली विटांच्या खाली लाकडी बांधकामाच्या खुणा, मधोमध मोकळी जागा, तिथं झाडाची मुळं. कोळशाच्या आणि मातीच्या मोजणीवरून काळ इ.स.पू. सहावं शतक. वर्तमानपत्रांनी लिहिलं, बुद्धाचा जन्मकाळ सिद्ध झाला. माझाही ऊर भरून आला. पण काही अभ्यासकांनी विचारलं, ते झाडाचं ठाणं बुद्धाच्या आधीचंही असू शकतं, नाही का? असू शकतं. तारीख एवढंच सांगते की तेव्हा तिथं लाकूड उभं होतं. कुणासाठी, ते लाकूड सांगत नाही. हे वाचून मला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचीच लाज वाटली. धम्म खरा ठरायला मला लाकडाचा दाखला कशाला हवा? प्रतीत्यसमुत्पाद काय कार्बन-१४ वर उभा आहे?

तामिळनाडूत मदुराईजवळ कीळडी इथं २०१५ पासून उत्खनन झालं. आधी केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं, पुढं राज्याच्या. २०१९ साली राज्याच्या खात्यानं तिथली वस्ती इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागं नेली. केंद्राकडून खणणाऱ्या अमरनाथ रामकृष्ण यांनी २०२३ साली अहवाल दिला, तो २०२५ साली दुरुस्तीसाठी परत पाठवण्यात आला, आणि त्यांनी आपण ठरवलेला काळ बदलायला नकार दिला. कोण बरोबर हे मी इथं बसून ठरवणार नाही. मी एवढंच म्हणतो, अशा वेळी कच्ची वयं, थर, नमुने, सगळं चव्हाट्यावर ठेवा. ज्याला भांडायचं आहे त्याला पुराव्याशी भांडू द्या. पण हाच नियम आपल्या नावडत्या तारखेलाही लागू. उद्या एखादी तारीख आपल्या अभिमानाच्या विरुद्ध निघाली तर ती यादीतून खोडायची हिंमत करू नका.

कारण, मित्रांनो, आपला हक्क तारखेवर उभा नाही. समजा उद्या सिद्ध झालं की आपले पूर्वज या मातीत सगळ्यात शेवटी आले. काल संध्याकाळी आले. तर? चवदार तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क कमी होतो? तहान लागलेला माणूस आहे, एवढा दाखला पुरे. जो म्हणतो "आम्ही आधी आलो म्हणून आमचा हक्क", तो उद्या त्याच न्यायानं बाहेरून आलेल्या मजुराला हाकलणार. हा न्याय आपल्या तोंडी शोभत नाही. तो कुणाच्या तोंडी शोभतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. तारखेचा उपयोग खोटं पाडायला करा, हक्क उभारायला करू नका. "अनादि काळापासून असंच आहे" असं कुणी म्हटलं की तारीख पुढं करा. आपलं माणूसपण कुणी विचारलं तर मात्र तारीख दाखवायची गरज नाही. नुसते समोर उभे राहा.

*

मग करायचं काय? मोर्चा काढायचा नाही. कामं साधी आहेत.

एक. आपल्या शिबिरात एक दुपार यासाठी ठेवा. संगणकावर त्या खुल्या यादीतली एक ओळ काढा आणि सगळ्यांनी मिळून ती वाचा. क्रमांक, वय, चूक, पदार्थ, थर. ज्याला एक ओळ वाचता आली त्याला पुढं कुणी पोथी दाखवून फसवू शकत नाही.

दोन. आपल्या तालुक्यात कुठं उत्खनन झालं असेल तर विचारा, तारखा काढल्या का, कुठं छापल्या, खुल्या केल्या का. अर्ज लिहा. भाषा सभ्य ठेवा, पण पिच्छा सोडू नका.

तीन. तिथं घमेलं वाहिलेल्या, चाळणी हलवलेल्या म्हाताऱ्या बायका-माणसं जिवंत असतील तर त्यांच्याकडं जा. कुठलं मडकं कुठल्या कोपऱ्यात निघालं ते त्यांना आठवतं. नाव, गाव आणि त्यांनी सांगितलेलं सगळं त्यांना विचारून लिहून घ्या. यादीत प्रयोगशाळेला क्रमांक आहे, छापणाऱ्याचं नाव आहे. माती वाहणारीला रकाना नाही. तो रकाना आपण पाडू.

आमची आत्या गेली. हजेरीपटावर तिचा अंगठा होता, तो हजेरीपट कुठल्या गठ्ठ्यात कुजला कोण जाणे. तिच्या जन्माचं साल विचारलं तर म्हणायची, "पलेगानंतर धा-बारा सालं." हसू नका. नीट ऐका. खूण आहे, अंतर आहे, आणि दोन सालांची चूक तिनं आधीच सांगून टाकलीय.

मास्तरांच्या १ जूनपेक्षा आत्याची तारीख अधिक शास्त्रीय होती.

जय भीम.